बिनशिक्क्याचं पोस्टकार्ड

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीतल्या एका क्षयरोग दवाखान्यात मला पहिली नोकरी लागली, तेव्हा मी विशीतली मुलगी होते. गोळ्या द्यायच्या, रुग्णांची कार्डं भरायची आणि जो यायचा थांबेल त्याला पत्र टाकायचं, हे माझं काम. वर्षभर रोज गोळ्या घ्याव्या लागत. दोन-तीन महिन्यांत खोकला कमी झाला की माणसं येईनाशी होत. मग आजार परत उलटे, आणि दुसऱ्या खेपेला तीच औषधं लागू पडतील याची खात्री नसे.

दापोलीकडच्या एका खेड्यातला एकजण असाच थांबला. तिशीतला, अबोल. मुंबईत नोकरी करताना आजार जडला म्हणून गावी परतलेला. दापोलीत कोणी ओळखीचं बघेल म्हणून मुद्दाम एसटीनं इतक्या लांब यायचा. दोन महिने त्याचा पत्ता नव्हता. पोस्टकार्ड गावात चार लोक वाचतात, म्हणून मी त्यावर आजाराचं नाव घातलं नाही, दवाखान्याचा शिक्काही मारला नाही. एवढंच लिहिलं, की तुम्ही आला नाहीत, काळजी वाटते, लवकर येऊन भेटा. खाली माझं नाव आणि दवाखाना होता त्या गल्लीचा पत्ता.

आठवड्यानं दुपारी त्याची बायको दवाखान्याच्या दारात उभी राहिली. पोस्टमननं तिला ते कार्ड वाचून दाखवलं होतं. नवऱ्याला न सांगता, गल्लीत माझं नाव विचारत ती इथवर आली होती. दारावरची पाटी तिला वाचता येत नव्हती.

"ह्या पत्र तुमीच लिवलात?"

मी हो म्हटलं.

"माज्या घोवाकडे तुमचा काय काम?"

माझे कान तापले. रुग्णाची गोष्ट परस्पर सांगायची नाही, असा दंडक होता, आणि डॉक्टर शिबिराला गेलेले. मी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं, घरी कसं काय चाललंय विचारलं. तिनं सगळं ओतलं. मुंबईहून आल्यापासून तो पडवीत एकटा झोपतो. ताट-तांब्या वेगळा ठेवतो, स्वतःच घासतो. दोन्ही मुलींना जवळ घेत नाही. रत्नागिरीला कोर्टाची तारीख आहे म्हणून निघायचा. भावकीतल्या कोणी कसला दावा म्हणून खोदून विचारलं, तेव्हापासून जाणंच सोडलं. आणि आता पुन्हा खोकतो.

दंडक मी बाजूला ठेवला. चुकलं असेल, पण गप्प बसवेना.

"वहिनी, त्यांना क्षय आहे," मी म्हटलं. "औषध पुरं घेतलं तर बरा होतो. तुम्हाला आणि मुलींना लागू नये म्हणून ते लांब राहतात."

 तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता हंबरडा फोडेल.

"म्हंजी दुसरी कोण नाय," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली.

चारच दिवसांनी ती त्याला घेऊन आली, मुलींनाही तपासायला आणलं. तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता. डॉक्टरांनी त्याला समजावलं आणि औषध पहिल्यापासून सुरू केलं. मी न विचारता सांगितलं म्हणून मलाही दोन शब्द ऐकवले, ते रास्तच होते. मुली निरोगी निघाल्या.

पुढे दर महिन्याला दोघं जोडीनं यायची. सकाळच्या भाकरीबरोबर ती त्याच्या हातावर गोळ्या ठेवायची आणि गिळेपर्यंत समोरून हलायची नाही, असं त्यानंच एकदा तक्रारीच्या सुरात सांगितलं. तक्रार काही खरी नव्हती. अंगावर मांस चढलं होतं.

वर्ष सरल्यावर त्याची थुंकी तीनदा तपासली. तिन्ही वेळा काही सापडलं नाही. त्याच्या कार्डावर मी ठळक अक्षरात 'उपचार पूर्ण' लिहिलं. पेटीत उपचार अर्धवट सोडलेल्यांची कार्डं पुष्कळ होती. त्यानंतर मात्र नवा रुग्ण आला, की घरी कोणाला ठाऊक आहे आणि पत्र कोणाच्या नावानं टाकू, हे मी आधी विचारून घेऊ लागले.