चोर बाहेर शे

फॉल-पिकोच्या दुकानात चिंध्या आणि किस्से दोन्ही साठतात. चिंध्या मी उशीत भरते. किस्से कुठे भरू? म्हणून लिहायला बसले. धुळ्यात आमच्या गल्लीत दुकानदार आणि पोलीस मिळून 'सुरक्षा समिती' झाली आहे, तिचेच आहेत सगळे.

*

सुरुवात माझ्यापासून झाली. दोन बाया आल्या. हिरव्या पिशवीवालीनं माझ्या दीड वर्षाच्या परीला उचललं, गालाला हात लावला. मला बरंच वाटलं. तेवढ्यात दुसरीनं फॉलला आलेला नवरीचा शालू लांबवला.

नवरीला मी माझ्या लग्नाचा शालू दिला. त्याचं रडू आलं नाही. पण परी त्या बाईच्या कडेवर होती, हे आठवलं की अजून मशीन थांबवून तिला जवळ ओढते.

आमचे हे म्हणाले, "परत असं झालं तर दुकान बंद. पोरीपेक्षा पिको मोठा नाही."

*

तक्रार द्यायला गेले, तर साहेब शालूचं बिल मागायला लागले. लोकांच्या साडीचं बिल माझ्याकडे कसं असेल? मी म्हटलं, गिऱ्हाइकाला घेऊन येते. ते म्हणाले, "तिचं काय काम? चोरी तर तुमच्याकडे झाली."

*

मग समिती झाली. भांडीवाले नाना अध्यक्ष.

आमच्याकडे दुकानदार जेवायला गेला की दारात काठी आडवी ठेवतो, शटर पाडत नाही. शेजारी लक्ष ठेवतात. पहिल्या मीटिंगला सगळ्यांनी काठ्या आडव्या केल्या आणि सगळेच गेले. विषय होता, शेजाऱ्याच्या दुकानावर लक्ष कसं ठेवावं.

परत आलो तर चपलांच्या दुकानातले चार जोड गेलेले. काठीसुद्धा नेली मेल्यांनी.

*

मग कॅमेरा लावला. त्याच आठवड्यात नानांच्या वाढदिवसाचा बॅनर त्याच्या बरोबर पुढ्यात लागला. पुढची चोरी झाल्यावर फुटेज बघितलं, तर दिवसभर नाना हात जोडून हसताहेत.

बघायला आलेला हवालदार म्हणाला, "हा माणूस जागचा हलतच नाही. याला आधी बोलवा."

*

शेवटी प्रत्येकाला शिट्टी दिली. शिट्टी वाजली की सगळ्यांनी धावत यायचं, असं ठरलं. फक्त केळीवाल्या अक्कांना दिली नाही. का, तर त्यांची हातगाडी, त्यांना शटर नाही. मी भांडले, पण सातवी शिकलेलीचं कोण ऐकतं?

मागच्या मंगळवारी भर दुपारी तीच बाई आली. तीच हिरवी पिशवी. कपाटाकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ परीकडे हात केले. मी परीला छातीशी धरलं आणि जीव खाऊन शिट्टी फुंकली.

धाड, धाड, धाड! गल्लीतली सगळी शटरं खाली पडली. सगळे दुकानदार आत. शटराबाहेर उरलो मी, परी आणि ती बाई.

ती पळाली. अक्कांनी गल्लीच्या तोंडावर केळीची गाडी आडवी घातली आणि तिचं मनगट धरलं. बाई झटापट करत होती, अक्का हलल्या नाहीत. तिला तशीच ओढत नानांच्या दुकानापाशी आणली आणि वजनाच्या मापानं शटर ठोकत आपल्या अहिराणीत हाक मारली.

"नाना, शटर उघडा. चोर बाहेर शे."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. मग नाना बोलले.

"मंग ऱ्हाऊ द्या तिले बाहेरच."