मादाम क्लेरची आजी नेमकी कोणती?

निशिगंधा मूळची नाशिकची. नवऱ्याच्या नोकरीमुळे कतारमध्ये, दोह्यात आली, घरी बसून कंटाळली आणि अल मुंतझा भागातल्या फ्रेमच्या दुकानात लागली. त्याला झाली अकरा वर्षं. तिचा एक नियम होता: जुनी फ्रेम उघडली की मागचा पुठ्ठा आधी कचऱ्यात. जुन्या पुठ्ठ्याने चित्राचा कागद पिवळा पडतो ना!

त्या नियमानेच घात केला.

अल सद्दच्या मादाम क्लेर, वय ऐंशीच्या पुढे, दोन चित्रं देऊन गेल्या. भाऊ वारला, त्याच्या घरून पार्सलने आलेली. तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरून छापलेल्या पॅरिसच्या दोन बड्या घरच्या बायका, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या. एक पिसांच्या टोपीतली, दुसरी मान वळवून बसलेली. "यातली एक माझी आजी. नाव मागे लिहिलंय, भाऊ सांगायचा." मागे म्हणजे पुठ्ठ्यावर, हे आमच्या निशिगंधाबाईंना सुचलं कधी? तर कचऱ्याची गाडी येऊन गेल्यावर.

दोन दिवस ती दोघींकडे बघत बसली. नाकं सारखी, तोरा सारखा. सकाळी टोपीवाली आजी वाटे, दुपारी दुसरी. शेवटी दोन्ही चित्रं घेऊन मादामच्या घरी जाऊन तिने सांगून टाकलं. "नाव माझ्या हातून गेलं. पण तुम्ही ओळखालच ना?"

"मी जन्मायच्या आधीच गेली ती," मादाम म्हणाल्या. बराच वेळ बघून त्यांनी मान वळवलेलीवर बोट ठेवलं. "तरुणपणी माझी मान अशीच होती. हीच." मादामनी सांगितलेलं आजीचं नाव निशिगंधाने त्या चित्रामागे लिहून दिलं. तिचा जीव भांड्यात पडला.

आठवड्याने पुठ्ठा सापडला, कापायच्या टेबलामागे अडकलेला. नाव स्पष्ट, आणि कोपऱ्यावर पाण्याचा डाग. तसाच डाग टोपीवालीच्या कागदामागे होता, तिने स्वतः पाहिलेला.

आता काय करावं? तिने फोन लावला. ती बोलायच्या आत मादामच सुरू झाल्या, "कॉफी आता मी आजीसमोर बसून घेते. मुलगा कामावर गेला की दिवसभर बोलायला दुसरं आहे कोण?"

"आणि टोपीवाली?"

"ती होय? कोण कुठली! चपलांच्या कपाटावर ठेवलीय."

फ्रेम सरळ आहे ना, एवढं विचारून निशिगंधाने फोन ठेवला. पुठ्ठा टाकवतही नाही आणि देववतही नाही. तो अजून तिच्या खणात आहे.