तरी देख, नोनी

माझा स्वभाव पुरावा मागणारा. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले होते आणि पुढे जबलपूरला संशोधनाची जागा मिळवायचीच, हेही ठरलेले होते. आई दर गुरुवारी दत्ताची पूजा करी. मी आरतीपुरते हात जोडत असे, मान मात्र ताठ. अशा मुलीने कृपेविषयी लिहावे याचे मलाच नवल वाटते. म्हणून जे घडले तेवढेच लिहिते.

आम्ही कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये राहायला आल्यापासून, म्हणजे दोन वर्षे, आमचा कुत्रा मोत्या खाजेने बेजार होता. दुर्गच्या जनावरांच्या डॉक्टरांनी कातडी खरवडून तपासली. खरजेचे किडे निघाले नाहीत. मलमाने चार दिवस उतार पडे, पुन्हा तेच. मी वही घातली: खाणे, आंघोळ, हवा, सगळ्याची नोंद. जंतूंचा संशय आला तेव्हा, एरवी गुरुवारी पूजेआधी फिनाईलने पुसली जाणारी फरशी मी रोज पुसायला लावली, तीही दुप्पट फिनाईल घालून. खाज वाढतच गेली. शेजारी कुजबुजू लागले. एका बुधवारी चहा घेताना बाबा म्हणाले, “रविवारी मी याले शिवनाथ नदीच्या पल्याड सोडून येतो. लोकं बोलून राहिले.” मोत्या त्यांच्याच पायांशी बसून पोट चाटत होता. आईने कप उचलला आणि आत गेली. माझ्या हाती तीन दिवस उरले.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मी पायरीवर बसून मोत्याच्या कुशीला मलम लावत होते. ओरखडे तिथेच दिसत. कडुनिंबाच्या दातूनची, म्हणजे दात घासायच्या काड्यांची, मोळी घेऊन एक म्हातारी दारात आली. आई आतून नैवेद्याचा शिरा घेऊन येईपर्यंत तिने मोळी खाली ठेवली आणि मला दोनदा बजावले, “तरी देख, नोनी! तरी!” नोनी म्हणजे पोरी, एवढे मला कळले. ‘तरी’ मी हिंदीतली धरली, म्हणजे ओल, आणि मोत्याच्या अंगावर बोरिक पावडर थापली. आईचा समज वेगळाच झाला. “अवो बाई, तर्री मी कई देल्ली याले? रश्श्याचं बोटबी नाई लावलं!” म्हातारी हसली, शिऱ्याला हात जोडून निघून गेली.

शुक्रवारी प्रयोगशाळेतल्या छत्तीसगढी मदतनिसाला मी ही गंमत सांगितली. तो म्हणाला, “मैडम, तरी माने नीचे. पेड़ के नीचे बैठे हैं, तो हम कहते हैं, रुख तरी बइठे हन.”

हातातली परीक्षानळी मी स्टँडला लावली. घरी पोहोचताच मोत्याला उताणे केले. पाठ निरोगी होती. पोट आणि चारही पंजे लालभडक. तो सदा देवघरासमोरच्या ओल्या, गार फरशीवर पोट टेकून पडत असे. माझ्या वहीत त्याच्या घासाघासाची नोंद होती. त्याच्या खालच्या फरशीची नव्हती. फिनाईलने कातडी पोळते, हे मी कोणालाही झोपेतून उठून सांगितले असते.

त्याच संध्याकाळी फरशी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुतली. त्याचे पोट आणि पंजे धुऊन टिपून कोरडे केले, आणि धुतलेले गोणपाट अंथरून त्याची जागा केली. रविवारी सकाळी बाबांनी स्कूटर बाहेर काढली आणि साखळी घ्यायला आत आले. मोत्या गोणपाटावर गाढ झोपला होता. बाबा बराच वेळ उभे राहिले. “एवढ्या वेळात एकडावही खाजवलं नाई यानं,” ते म्हणाले. मग साखळी खुंटीला लावून भाजीची पिशवी उचलली.

महिन्याभरात पोटावर नवे केस आले. पुढे पावर हाउस भागातल्या बाजारात ती म्हातारी दिसली. मी आभार मानू लागले, तर ती गोंधळली, मग खळखळून हसली. “कुकुर? में त दातून के बात करत रहेंव, नोनी! ताजा वाला तरी म रिहिस.” कुत्रा तिच्या मनातही नव्हता; ताजी काडी मोळीच्या तळाशी होती, एवढेच तिला सांगायचे होते.

याला योगायोग म्हणावे, तर माझी हरकत नाही. ती दातूनविषयी बोलली आणि मोत्या वाचला, या दोन्ही गोष्टी मी सारख्याच खात्रीने सांगू शकते. मधली जागा मी मोकळी ठेवली आहे. ती भरणे माझे काम नाही. बाजारातल्या भेटीनंतरच्या गुरुवारी, आरती झाल्यावर, मी प्रथमच गुडघे टेकून कपाळ फरशीला लावले. फरशीला कसलाच वास नव्हता. डोळे उघडले तेव्हा पाटावरच्या तसबिरीची खालची कड समोर होती. इतकी वर्षे उभ्याने मी तीन मुखेच पाहिली होती. दत्ताच्या पावलांशी चार कुत्री निवांत बसली होती, आणि माझ्या कानाशी पाचव्याचा श्वास संथ चालला होता.