आभाराची सावड

राणीसावरगावचा महारुद्र गंगाखेडच्या शिबिराला गेला आणि येताना दोन गोष्टी घेऊन आला. एक छातीला लावायचा बिल्ला, दुसरा सकारात्मक विचार. बिल्ल्याची टाचणी महिन्याभरात तुटली. विचार मात्र धड राहिला, कारण तो कधी वापरात आला नव्हता.

तेव्हापासून महारुद्र रोज उजाडताच ओट्यावर मांडी घालून बसे. सूर्याचे आभार, वाऱ्याचे आभार, काळ्या मातीचे आभार. मग तेच सगळं मोबाइलमध्ये बोलून गावच्या ग्रुपवर. तोवर त्याची बायको सविता शेण काढून, धार काढून पाण्याला गेलेली असे. महारुद्र तिचेही आभार मानी. घागर तिच्या डोक्यावर असतानाच मानी, म्हणजे ती हलत नसे.

घरात वाईट बोलायला बंदी होती.

"चूल पेटत न्हाई," सविता एकदा म्हणाली.

"असं बोलू नाही. चूल पेटायच्या वाटेवर हाय म्हणावं."

"मग च्याबी व्हायच्या वाटेवर हाय. बसा वाट बघत."

महारुद्र हसला. रागावर हसायचं, हेही शिबिरातच शिकवलं होतं.

सोयाबीन काढणीला आलं. छोट्या शेतकऱ्यांची काढणी गावात सावडीवर चालते. आज तुम्ही आमच्या रानात, उद्या आम्ही तुमच्या. दोन माणसं आली तर दोन माणसांनी फेडायची. लिहून कुणी ठेवत नाही आणि विसरतही कुणी नाही.

महारुद्राचा खालचा तुकडा आधी वाळला. शेजारचा लिंबाजी आणि त्याची बायको गीताबाई दिवसभर राबली. संध्याकाळी गंजी लागली. महारुद्र लिंबाजीपुढे हात जोडून उभा राहिला. "दादा, तुमच्यासारखी माणसं माझ्या आयुष्यात आली, मी भाग्यवान."

"ते ऱ्हाऊ दे," लिंबाजी कंबर दाबत म्हणाला. "सकाळी ये. विळ्याला धार लावून आण."

सकाळी सविता दिवस उगवायच्या आत गेली. महारुद्र न्याहारीनंतर पोहोचला. अंगात पांढरा सदरा, हातात झेंडूची फुलं. विळा नव्हता. त्यानं लिंबाजीला फूल दिलं, गीताबाईला फूल दिलं, रानाला नमस्कार केला, फोटो काढला आणि आभार मानले. मानताना त्याचे डोळे खरोखर भरून आले. घरी जाताना त्याला अगदी हलकं वाटत होतं. सावड फिटली, उलट थोडी जास्तच फिटली, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

विळा धरायला कंबर वाकवावी लागते. हात उभ्यानं जोडता येतात.

पुढच्या आठवड्यात महारुद्राचा माळावरचा तुकडा काढणीला आला. वर्षाचं खरं पीक तेच. सोयाबीन वाळल्यावर थांबत नाही. ऊन चढलं की शेंगा तडकतात आणि दाणे मातीत जातात. सकाळी गीताबाई एकटीच विळा घेऊन आली.

"दादा कुठंयत?" महारुद्रानं विचारलं.

"येतील की. सविता आली होती, तिची मी आले. तुमची फेड त्यांच्याकडं हाय."

लिंबाजी आला. बांधावर उभा राहिला. चप्पल काढली, सोयाबीनला हात जोडले, डोळे मिटले, बराच वेळ मिटूनच ठेवले. मग चप्पल घालून ओढ्याकाठच्या आपल्या रानात निघून गेला.

गीताबाईनं पदर तोंडाला लावला. सविता मात्र हसली नाही.

दुपारी शेंगा तडकायला लागल्या. महारुद्रानं कसाबसा विळा धरला होता. तिघांनी उरकेल एवढं ते रान नव्हतं. तो थांबला आणि डोळे मिटून म्हणाला, "शेंगा घट्ट हायत. शेंगा घट्ट हायत."

"तोंडानं शेंगा शिवायलाव का?" सविता ओरडली. "जा आधी तिकडं. त्यांची पात धरा."

"आपलं इथं फुटायलंय आन् मी दुसऱ्याचं काढू?"

"त्यांनी काय केलं होतं आपल्या खालच्या रानात?"

शिबिरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

तो ओढ्याकाठी गेला. लिंबाजीनं मान वर केली नाही, फक्त विळ्यानं शेजारची पात, सोयाबीनची उभी ओळ, दाखवली. महारुद्र वाकला. अंधार पडेपर्यंत वाकूनच होता. अर्धाच दिवस भरला, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेला. तळहाताला फोड आले. वाऱ्याबरोबर माळावरचा तडतड आवाज येतोय असं त्याला वाटे. एवढ्या लांबून तो येणं शक्य नव्हतं, तरी येत होता. ओट्यावर बसायचं राहिलं. ग्रुपवर कुणी विचारलंही नाही.

दुपारी लिंबाजीनं विळा खांद्याला अडकवला. "चल तुझ्याकडं."

महारुद्रानं तोंड उघडलं.

"बोलू नको," लिंबाजी म्हणाला. "पाय उचल."

माळावर पोहोचले तेव्हा बरंच पीक मातीत सांडलं होतं. ते वेचायला कुणी वाकलं नाही, तेवढा वेळ नव्हता. सवितानं दोघांना पाणी दिलं. महारुद्रानं तांब्या तिच्या हातात परत दिला, आभार न मानता, आणि कडेची पात धरली.