कोंबडी कापायला तापवलेलं पाणी

या रविवारी आमच्या मागच्या अंगणात कोंबडी कापायची ठरली होती. सुरीला धार लागली, पाणी चुलीवर चढलं... आणि पुढं भलतंच झालं.

कोंबडी आमची एकच. तांबडी, गावरान. पिल्लू होती तेव्हा खुलताबादहून आणली. एक दिवस आड अंडं ठरलेलं. मग अंड्याचं कवच पातळ व्हायला लागलं... उचलायला गेलं की बोट आत. आणि मग बंदच.

मी म्हणलं, खुडूक झाली. अंडी उबवायचं खूळ डोक्यात शिरलं की कोंबडी नुसती बसून राहते, अंडं देत नाही. आमच्याकडं त्याला एकच औषध... गार पाण्यात बुचकळायची आणि दोन दिवस टोपल्याखाली कोंडायची. मी तेच केलं. फरक शून्य.

मग म्हणलं ठीक आहे. अंडं नाही तर रस्सा. बसून खायला ती काय माझी जाऊ आहे? रविवारी दुपारी लेक-जावई जेवायला येणारच होते.

पोरानं, राजूनं, सुरी आणून दिली. सून शीतलनं पिसं काढायला पातेलंभर पाणी तापत ठेवलं... पण तोंड हे एवढं करून. दाणे तीच टाकते ना रोज. मी म्हणलं, "बाई, तोंड पाडून रस्सा घट्ट होत नसतो. मसाला वाट."

टोपलं उचललं... आणि माझा हात तिथंच थांबला.

खुडूक कोंबडीला हात लावून बघा. अंग फुगवते, गुरगुरते, टोचून रक्त काढते. ही गप उभी. शेपूट खाली, डोळे अर्धे मिटलेले. मधूनच अंग आवळून जोर करायची... आणि दमून थांबायची. उचलली तर साधी फडफड नाही. पोटाखालून हात फिरवला, तर शेपटीच्या खाली अंड्याएवढं काहीतरी हाताला लागलं.

अंडं अडकलं होतं. आणि मी शहाणी तिला गार पाण्यात बुचकळत होते!

भिंतीपलीकडून शेजारची रजियाबी डोकावली. तिनंही जन्मभर कोंबड्या पाळल्यात. म्हणाली, "अक्का, अंडा अटक्या दिखता. दबाव मत, हां... अंदर फूट्या तो गई ये."

राजू म्हणाला, "आई, आता काय बघत बसलीस? मरायच्या आधी काप. मेली तर कुणी खायचं नाय."

त्याचं काही चूक नव्हतं. आत्ता कापली तर ताटात, वाट बघता बघता मेली तर खड्ड्यात. तेवढ्यात लेकीचा फोन... निघालोय म्हणून. एका हातात सुरी, एका हातात कोंबडी. करू काय?

शीतल पुढं आली. चुलीवरचं पातेलं उचललं, पाणी टबात ओतलं, वरून गार ओतलं, बाळाच्या अंघोळीचं बघतात तसं कोपर बुडवून बघितलं. टब माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, "आत्याबाई, कापायला पाणी परत तापवता येतं."

लई शहाणी! नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, आणि इथं कोंबडीला टबभर. पण सुरी मी खाली ठेवली.

कोंबडी पोटापर्यंत बुडवून धरली. शीतलनं बोटाला खोबरेल लावून शेपटीखाली हळूच फिरवलं. दाबायचं नाही, ओढायचं नाही... नुसतं धरून बसायचं. कोंबडीचं काळीज माझ्या बोटांवर धडधडत होतं. राजू दारात उभा राहून घड्याळ बघत होता. पाणी निवलं, शीतलनं परत ऊन ओतलं.

एकदा तर कोंबडीनं मान माझ्या मनगटावर टाकली. मला वाटलं, गेली. शीतलनं तोंड फिरवलं.

तेवढ्यात ती सगळं अंग आवळून थरथरली... आणि पाण्यात काहीतरी सुटलं.

अंडं कसलं, पिशवी! कवच ओल्या कागदासारखं. कोंबडी थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग मान उचलली, पाणी झटकलं आणि माझ्या अंगठ्याला अशी टोचली म्हणता... आई गं! एवढी बरी टोच जन्मात खाल्ली नव्हती.

रजियाबी म्हणाली, "चूना-मिट्टी कुछ खाती की नै ये?"

आम्ही सगळे खाली बघायला लागलो. पावसाळ्याआधी राजूनं अख्ख्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. चिखल नको म्हणून मीच मागं लागले होते. कोंबडीला उकरायला बोटभर माती उरली नाही. खडा नाही, चुना नाही, किडा नाही. दाणे टाकले की झालं, असं वाटलं आम्हाला. कवच काय हवेतून काढणार ती?

लेक-जावई आले तेव्हा मी पहारीनं ब्लॉक उचकटत होते. राजू डोक्याला हात लावून बसलेला. "आई, अंगणाची पार वाट लावलीस!" जावयांनी बूट काढायच्या आधी विचारलं, "रस्सा?" लेकीनं कोपर मारलं. वांग्याचं भरीत आणि भाकरी खाऊन गेले बिचारे.

आता कोंबडी दिवसभर त्या मातीत लोळते. रजियाबीनं अंड्यांची टरफलं भाजून, कुटून दिलीत, ती दाण्यात मिसळतो. अंडं अजून नाही. देईल का, माहीत नाही. मी काही माया लावणारी बाई नाही... नाहीच दिलं तर बघू पुढचं पुढं.

पण माझ्या हातात सुरी असताना पुढं पाण्याचा टब सरकवणारी सून घरात आहे, हे लई बरं झालं. तिच्या तोंडावर मी हे मेले तरी बोलणार नाही... म्हणून इथं लिहिलं.