काही सापडलं नाही

स्कॅन सेंटरच्या मागच्या खोलीत बसणाऱ्या बाईंना सगळे सापडेबाई म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते पगाराच्या दिवसाखेरीज कुणाला आठवत नसे. रुग्णांचे जुने स्कॅन सांभाळायचे आणि कुणी मागितले की काढून द्यायचे, हे त्यांचं काम. भिंतीला लोखंडी कपाट, त्यात आकडे चिकटवलेल्या हार्ड डिस्क, आणि टेबलावर कॅटलॉगचा प्रोग्रॅम असलेला एक म्हातारा कॉम्प्युटर. हा प्रोग्रॅम प्रत्येक डिस्क एकदा वाचतो आणि तिच्यातल्या फायलींची नावं जणू पाठ करून ठेवतो. मग डिस्क कपाटात पडून असली तरी चालतं. नाव टाकलं की तो सांगतो, अमुक डिस्क, तमुक फोल्डर. पूर्वी एका स्कॅनसाठी अर्धं कपाट उपसावं लागे. बाईंनी मालकांच्या मागे लागून हा प्रोग्रॅम आणवला, एकेक डिस्क लावून त्याला वाचायला दिली, आणि तेव्हापासून त्याच्यावर कुणी शंका घेतलेली त्यांना खपत नसे.

"कॅटलॉगमध्ये नाही म्हणजे नाही," असं त्या काउंटरवर सांगत, आणि सांगताना मान जरा जास्तच ताठ होई.

एरवी बाई म्हणजे भित्रा जीव. घराला कुलूप लावून पुन्हा ओढून बघायच्या, नवऱ्याला यायला उशीर झाला की खिडकीला चिकटायच्या. नवरा शाळेत खेळ शिकवायचा, आवाज मैदानभर जाणारा. तो म्हणायचा, "अगं, तुला घाबरायचा पगार मिळतो का?" त्या हसायच्या आणि पुन्हा घाबरायच्या.

यंदा मात्र घाबरायला खरंच कारण मिळालं. नवऱ्याचा खोकला हटेना, म्हणून सेंटरमध्येच छातीचा स्कॅन केला, तर फुफ्फुसात वाटाण्याएवढा डाग. सर्जन सरळ माणूस होता, त्याने सरळच सांगितलं. "तुकडा काढून तपासायला सुई पोचणार नाही अशा जागी आहे. आधीचा एखादा स्कॅन मिळाला तर बघा. तेव्हाही डाग एवढाच असेल तर जुना व्रण आहे, हात लावायचं कारण नाही. तेव्हा नसेल, तर छाती उघडून तेवढा भाग काढावा लागेल. आठवडाभरात ठरवू."

आधीचा स्कॅन होता! काही वर्षांपूर्वी नवरा मैदानाच्या भिंतीवरून पडला होता, तेव्हा बरगड्या बघायला इथेच काढला होता. बाई तेव्हा काउंटरवर होत्या, स्कॅनच्या खोलीबाहेर त्याची शिट्टी आणि घड्याळ हातात धरून उभ्या होत्या. रिपोर्टात बरगड्यांचंच कौतुक होतं, आणि फिल्म घर बदलताना कुठेतरी गहाळ झाली. पण डिस्कवर असणारच.

बाईंनी नवऱ्याचं नाव टाकलं. पडद्यावर आलं, काही सापडलं नाही.

त्यांनी नुसतं आडनाव टाकलं. मग आडनावाचं स्पेलिंग मुद्दाम चुकवलं, कारण काउंटरवर चुका होतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? काही सापडलं नाही.

नवरा दारात आला. "मिळाला का गं?"

"बघतेय."

"आता काय बघतेस? तूच म्हणतेस ना, त्यात नाही म्हणजे नाही." तो थट्टाच करत होता, पण आवाज मैदानावरचा नव्हता. तोही घाबरला होता. त्याला घाबरलेलं बाईंनी कधी पाहिलं नव्हतं, आणि आता त्यांना स्वतःच्या भीतीपेक्षा त्याच्या भीतीची धास्ती वाटायला लागली.

मग त्यांनी कधी न केलेली गोष्ट केली. कॅटलॉग बंद केला आणि त्या वर्षाच्या डिस्क स्वतः लावून बघायला लागल्या. एक डिस्क लावताच कुरकुरली, उघडेना. बाई हात जोडल्यासारख्या बसून राहिल्या. शेवटी ती उघडली. इतर महिन्यांच्या फोल्डरांत रांगेने नावं होती, आणि नवरा पडला त्या महिन्याच्या फोल्डरात एकच झिप फाईल. जागा पुरेना म्हणून तेव्हाच्या टेक्निशियनने महिन्याचे सगळे स्कॅन दाबून एका गाठोड्यात बांधून टाकले होते. कॅटलॉगने गाठोड्याचं नाव तेवढं वाचलं होतं. झिपच्या आत बघायचं का, असं तो प्रोग्रॅम बसवताना विचारतो. आत बघायला लावलं तर वाचायला फार वेळ लागतो, म्हणून बाईंनीच तेव्हा नको म्हटलं होतं.

झिप उघडली. नवऱ्याचं नाव होतं.

आनंद पुरता व्हायच्या आतच भीती परतली. सापडला खरा, पण तेव्हा डाग नसेल तर? आता उत्तर येणार होतं, आणि ते परत फिरवता येणार नव्हतं. सेंटरच्या डॉक्टरांनी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावले. बाईंना पडद्याकडे बघवेना, त्या डॉक्टरांच्या चपलांकडे बघत राहिल्या.

"आहे," डॉक्टर म्हणाले. "त्याच जागी, तेवढाच. काही वाढलेला नाही. खोकल्याचं औषध घ्या आणि घरी जा."

बाई सगळ्यांसमोर हमसून रडल्या. नवरा मुलीला फोन करायला बाहेर गेला, आणि आता त्याचा आवाज जिन्याखालपर्यंत ऐकू येत होता.

डिस्क काढायला बाई मागच्या खोलीत आल्या. झिप उघडीच होती. महिन्याभराच्या माणसांची नावं. त्या सहज वाचत खाली गेल्या आणि एका नावाशी थांबल्या. हा तर तो शिंपी. गेल्या वर्षी टोपी हातात धरून काउंटरवर उभा होता. डॉक्टर जुना स्कॅन मागतायत, म्हणाला. बाईंनी चहाचा कप खाली न ठेवता नाव टाकलं होतं आणि नाही म्हणून सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "तुम्ही बघितलंत म्हणजे नसेलच. उपकार झाले, ताई." त्याच्या खाली आणखी नावं होती. त्यातल्या किती जणांना त्यांनी अशीच मान ताठ करून परत पाठवलं असेल?

फायलीत त्याचा नंबर होता. फोन त्याच्या बायकोने उचलला.

"जुना स्कॅन सापडला? आता काय उपयोग हो त्याचा? तेव्हाच ऑपरेशन झालं, अर्धं फुफ्फुस काढलं. गाठ साधीच निघाली, देवाची कृपा. थांबा, त्यांना देते." आणि मग आत वळून, "अहो, त्या स्कॅनवाल्या ताई. बघा, अजून आठवण ठेवलीये तुमची!"

दारातून नवरा हाका मारत होता, चल, आता कसली भीती? बाईंनी त्याला हातानेच थांबवलं. फोन ठेवून देता आला असता. पलीकडून पावलं ऐकू आली, मग बराच वेळ नुसता धापा टाकणारा श्वास.

"बोला ना, ताई," शिंपी म्हणाला.

"दादा," बाई म्हणाल्या, "तुमचा स्कॅन इथेच होता. मी नीट बघितलं नव्हतं."