हसा बघू, देवराम दादा

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. आपण भलतंच काही करायला जातो आणि परत येताना ते मोपेडच्या डिकीत आपोआप येऊन बसलेले असतात. आम्ही तिघं दर रविवारी नाशिकबाहेर दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्षबागेत जायचो, ते हार्ट अटॅक आणि लकव्याची लक्षणं शिकवायला. दोन हिवाळे गेलो. पत्रकं संपली, किस्से उरले. परवा मृणाल म्हणाली, "लिहून टाक बाई. संज्या दर वेळी वाढवून सांगतो."

तिघं म्हणजे आम्ही असे. मृणाल नुकतीच डॉक्टर झालेली. संज्या कॉलेजच्या एकांकिकांमध्ये दरवर्षी शेवटी मरणारा. आणि मी बी.एस्सी. होऊन नोकरी न शोधणारी. आईच्या भाषेत, "रिकामी समाजसेविका".

ऐकणारी मंडळी पेठ तालुक्याच्या डोंगरातली. दिवाळीनंतर भात घरात आलं की त्यांच्या टोळ्या खाली उतरायच्या, होळीपर्यंत बागांमध्ये राबायच्या आणि सणाला घरी जायच्या. तोवर बांधाला प्लास्टिकचा कागद बांधून मुक्काम. त्याच रस्त्यानं शहरात शिरलं की हृदयरोगाच्या दवाखान्यांच्या पाट्याच पाट्या. पण या माणसांना छातीत का दुखतं, हे सांगायला कुणाला सवड नव्हती. मला याचा फार राग यायचा. अजून येतो.

पहिल्या रविवारी मृणालनं सगळ्यांचं बीपी मोजलं. टोळीचे मुकादम देवराम दादा. काटक, उंच, चेहऱ्यावरची रेष न हलणारा माणूस. त्यांचं बीपी तिनं एकदा मोजलं, मग दुसऱ्या हातावर मोजलं, मग स्वतःचं मोजून यंत्र बरोबर असल्याची खात्री केली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "या माणसाला कधीही लकवा होऊ शकतो. आत्ता, उभ्या उभ्या."

मी तेच त्यांना सांगितलं. ते क्षणभर विचारात पडले.

"मग बसून काम करू का?"

हा विनोद होता की खरा प्रश्न, ते कळेना. कारण ते हसलेच नाहीत.

* * *

आमच्याकडे एक पोस्टर होतं. टाय लावलेला, पोट सुटलेला एक गृहस्थ छातीवर हात धरून कळवळतोय. मी ते द्राक्षाच्या तारेला अडकवलं आणि विचारलं, "याला काय झालंय?"

"हा शेठ हाय," चिंतामण म्हणाला. हा टोळीतला सगळ्यात बोलका गडी.

"बरोबर. पण हा आजार कुणालाही होतो."

"नाय वो ताई. तो खाऊन खाऊन येतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी पेटले. तंबाखू, मीठ, उपाशीपोटी ओझी, गरिबाच्या दुखण्याकडे होणारं दुर्लक्ष, सगळं बोलले. श्वास घ्यायला थांबले तेव्हा चिंतामणनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"तुम्ही म्हणता तर येऊ द्या," तो समजुतीनं म्हणाला. "येवढ्या लांब आमच्याकडं येतो तरी कोण?"

* * *

भाषणानं होत नाही, नाटकानं होईल, असं संज्याचं मत पडलं. पुढच्या रविवारी त्यानं हार्ट अटॅक करून दाखवला. दोन्ही हातांनी छाती आवळली, डोळे फिरवले, तीन पावलं मागं गेला, "आई गं!" म्हणून ओरडला आणि बागेच्या मधोमध धाडकन पडला.

टाळ्यांचा कडकडाट. "परत एकदा! परत एकदा!" बिचारा तीनदा मेला. टाळ्या वाजवल्या नाहीत त्या एकट्या देवराम दादांनी. ते म्हणाले, "शर्ट खराब झाला पोराचा. पाणी द्या धुवायला."

त्यानंतर बागेतली पोरं जिथं तिथं धाडकन पडायला लागली. मला वाटलं, चला, पोचलं.

दोन आठवड्यांनी गेलो तर चिंतामण बांधाला टेकून बसलेला. थंडीत घामानं भिजलेला. सकाळपासून डावा हात भरून आलाय, जबडा जड वाटतोय, मळमळतंय. आजूबाजूला चेष्टा चाललेली. "काय रे, शेठ झाला का?" तोही ओशाळून हसत होता. मृणालनं नाडी धरली आणि तिचा चेहरा बदलला. रस्त्यावरून जाणारी काळी-पिवळी थांबवून आम्ही त्याला नाशिकला नेलं. अटॅकच होता. वाचला.

त्याच्या भावावर मी दवाखान्याच्या दारातच तोंड सोडलं. "एवढं करून दाखवलं होतं ना तुम्हाला? मग कुणाला सांगायचं नाही?"

"पण तो पडला नाय ना ताई," भाऊ म्हणाला. "आम्ही सकाळपासून बघत होतो, कधी पडतो ते."



चिंतामण बरा होऊन परत आला तेव्हा टोळीनं त्याचं नाव बदललं होतं. आता त्याला सगळे शेठ म्हणतात.

* * *

मग नाटक बदललं. नव्या नाटकात कुणी पडत नव्हतं. संज्या नुसता बसायचा, घाम पुसायचा, छाती चोळायचा आणि म्हणायचा, "काही नाही, गॅस झालाय."

नाटक म्हणून अगदीच पांचट. प्रेक्षक जांभया द्यायला लागले. बागेचे मालक आप्पा मात्र लांबून टक लावून बघत होते. अचानक उठून ते बंगल्यात गेले आणि सोड्याची बाटली घेऊन धावत आले.

"अरे, थांबवा ते नाटक! पोराला खरंच गॅस झालाय, दिसत नाही का? घे बाळा, पी."

संज्याला आयुष्यात एवढी मोठी दाद मिळालेली नाही. आम्ही हसून लोळलो. आप्पाही हसले.

"मला रोज होतं असंच," ते म्हणाले. "जिना चढला की इथं आवळल्यासारखं. सोडा घेतला की उतरतं."

आमचं हसू जागच्या जागी थांबलं. मृणालनं विचारलं, "आप्पा, जीपची किल्ली कुठंय?"

आप्पांचं पुढं रीतसर ऑपरेशन झालं. बरे होऊन आल्यावर त्यांनी जाहीर केलं, की टोळीतल्या कुणालाही काही झालं तर जीप आणि मालक दोन्ही तयार आहेत. सोडा मात्र सुटला नाही. आता जेवणानंतर घेतात.

* * *

देवराम दादांना मृणालनं महिनाभराच्या गोळ्या दिल्या होत्या. पुढच्या रविवारी पाकीट रिकामं.

"संपल्या? सगळ्या?"

"वाटल्या."

टोळीची रीत अशी, की जे येईल त्याचे सारखे वाटे होणार आणि वाटे मुकादमच घालणार. ओढ्यात मासे मिळोत, नाहीतर मालकाकडून गूळ येवो. दादांनी त्याच रीतीनं बीपीच्या गोळ्या वाटल्या होत्या. कुणाचं डोकं दुखत होतं, कुणाची कंबर. टोळीतल्या म्हातारीला अर्धी.

"दादा, ती तुमची औषधं होती!"

"एकट्यानं कसं खायचं?"

मृणालनं घाबरून अख्ख्या टोळीचं बीपी पुन्हा मोजलं. नशिबानं कुणाला काही झालं नव्हतं. मग तिनं दादांना समजावलं, ज्याला बीपी नाही त्याला ही गोळी घातक आहे, ही फक्त तुमची. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि नवीन पाकीट तिच्या हातात परत ठेवलं.

"जी वस्तू वाटता येत नाय, ती मुकादमानं ठेवू नये."

यावर मी त्यांच्याशी तासभर भांडले. शेवटी त्यांची बायको, सकरीमावशी, माझ्यासाठी चहा घेऊन आली.

"कशाला घसा कोरडा करता ताई? तो डोंगर हाय. डोंगराशी कोणी भांडतं का?"

"मावशी, यांना लकवा झाला तर?"

 मावशी चहा माझ्या हातात द्यायची विसरली.

* * *

गोळ्या घेणार नाहीत म्हटल्यावर एकच गोष्ट हातात होती. लकवा झालाच तर तो ताबडतोब ओळखायचा आणि नाशिकला आणायचं. पण टोळीत कुणीही आजारी पडलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "गावाला नेऊ." अंगावरून वारं गेलं, म्हणजे लकवाच झाला, तर भगताकडेच. आणि गावचा भगत म्हणजे सकरीमावशीचा सख्खा भाऊ! बागेतून नाशिक खाली, जवळ. गाव वर, घाटापलीकडे, उलट्या दिशेला.

मी आणि संज्या एसटीनं थेट भगताच्याच घरी गेलो. अंधश्रद्धेवर जळजळीत भाषण तयार ठेवलं होतं. त्यानं ओसरीवर घोंगडी टाकली, काळा चहा दिला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "लकव्यावर माझ्याकडं औषध नाय."

मी गडबडले. "मग लोक का येतात?"

"मी जवळ हाय म्हणून येतात."

 बाहेर एसटीचा थांबा दिसत होता. दिवसातून दोनदा गाडी.

निघताना तो म्हणाला, "दाजीला काही झालं तर वर नका आणू. खालीच न्या. अन् सकरीला सांगा, भावानं सांगितलंय. तुमचं नाय ऐकायची ती."

भाषण तसंच परत आणलं.

* * *

लकवा ओळखायच्या मृणालच्या तीन खुणा होत्या. हसायला सांगायचं, तोंड एकीकडे ओढलं जातं का बघायचं. दोन्ही हात वर करायला सांगायचे, एक आपोआप खाली येतो का बघायचं. बोलायला सांगायचं, जीभ अडखळते का बघायचं. यातलं एक जरी दिसलं तरी वाट बघायची नाही, सरळ नाशिक.

पत्रकं, पोस्टर, नाटक यांना जमलं नाही ते या खेळाला जमलं. रोज सकाळी कामाला जाण्याआधी बायका सगळ्यांना रांगेत उभं करायच्या. "हास! हात वर! बोल!" शेठ तर बोलायची पाळी आली की थांबायचाच नाही.

देवराम दादा हात वर करायचे. नाव सांगायचे. हसायचे नाहीत.

"हसायला काय झालंय दादा?" मी वैतागायचे.

"हसण्यासारखं काय झालंय?"

संज्यानं विडा उचलला. आप्पांची नक्कल केली. सोड्याची बाटली केली. माझं भाषण केलं, ते जरा जास्तच हुबेहूब केलं. शेवटी आपलं ते जुनं धाडकन पडणंही केलं. टोळी पोट धरून हसली, आप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दादा शांतपणे म्हणाले, "झालं असंल तर कामाला लागा."

"लग्नातबी नाय हसला," सकरीमावशी म्हणाली. "मला वाटलं, ह्याला दुसरीच कोणीतरी पसंत होती."

परतताना मृणाल काळजीत होती. "जो माणूस हसतच नाही, त्याचं तोंड वाकडं झालं तर कळणार कुणाला?"

* * *

त्या दिवशी आम्ही तिथं नव्हतो. पुढचं सगळं सकरीमावशी आणि शेठ या दोघांनी सांगितलेलं. दोघांचं जुळतं, म्हणजे खरं असणार.

होळी तोंडावर आली होती. सकाळची वेळ. मावशी चुलीपाशी नागलीच्या भाकरी थापत होती. समोर दादा चहाचा पेला घेऊन बसलेले. तिनं मान वर केली, तर दादा तिच्याकडे बघत होते. ओठाचा एक कोपरा वर गेलेला.

पहिल्यांदा एक पोरगी ओरडली. "दादा हसला!"

बातमी बागेत पसरली. "दादा हसला, दादा हसला!" माणसं हातातलं काम टाकून आली. म्हातारी म्हणाली, मला पुढं येऊ द्या, मला नीट दिसत नाय. शेठनं टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, ताईंना कळवा, त्या खूश होतील.

मावशी पिठाच्या हातांनी उठली. जवळ जाऊन तिनं एकदाच त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"हा कधी हसतो का रे?" ती म्हणाली. "जीप आणा."

टाळ्या थांबल्या. शेठ आप्पांच्या बंगल्याकडे पळाला. आप्पा बनियनवरच जीप घेऊन आले. दादांना उचलून आत ठेवलं तोवर त्यांच्या हातातला पेला गळून पडला होता. कुणीतरी सवयीनं विचारलं, "वर गावाला न्यायचं ना?"

"खाली," मावशी म्हणाली. "भावानं सांगितलंय."

दवाखान्यात तरुण डॉक्टरनं विचारलं, "केव्हा सुरू झालं हे?"

"हसला तेव्हा."

"हसला म्हणजे?"

"म्हणजे हसला."

डॉक्टरनं आप्पांकडे पाहिलं. आप्पा म्हणाले, "साहेब, ती सांगते तेच बरोबर आहे. तुम्ही इलाज सुरू करा."

वेळेत आणलं म्हणून वाचले. उजवा हात अजून थोडा जड आहे, पण चालतात, बोलतात. आधी जेवढे बोलायचे तेवढंच. गोळ्या सकरीमावशीच्या पदराला बांधलेल्या असतात. त्या ती कुणालाही वाटू देत नाही, मुकादमालासुद्धा.

घरी सोडायच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. दादा धुतलेला सदरा घालून खाटेवर बसले होते. बाजूला मावशी सामानाची पिशवी धरून उभी. जायची परवानगी मिळाली होती, तरी ती निघेना. आमचीच वाट बघत होती.

"ताई, एकदा त्याला ते विचारा," ती म्हणाली.

मी दादांच्या समोर बसले.

"हसा बघू, देवराम दादा."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्या रविवारी पाहिलं होतं, अगदी तस्सं. चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही.

मावशीनं मोठा श्वास सोडला आणि पिशवी काखेला लावली.

"बरा झाला," ती म्हणाली. "चला घरी."